आवक-जावक वही आणि चार ऑफिसं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आंबा पल्प आणि काजू, घरचीच कंपनी. हेड ऑफिस रत्नागिरीत, कारखाना कुडाळजवळ, हंगामापुरतं खरेदी केंद्र देवगडला आणि निर्यात बघणारं ऑफिस वाशीत. माणसं पस्तीस. कुठला कागद कुठे आहे ते कुणालाच धड सांगता येत नाही: काही रत्नागिरीच्या सर्व्हरवर, काही व्हॉट्सॲपवर, उरलेले कुणाच्या तरी मेलमध्ये. एका व्हेंडरने डॉक्युमेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय. वाशीचा मॅनेजर म्हणतो गूगल ड्राइव्ह पुरे. काका म्हणतात, सगळ्याच्या प्रिंटा काढा आणि फाईलला लावा.

मी चिपळूणला राहतो आणि वीसेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांचे सर्व्हर आणि नेटवर्क बघतो. माझ्या मते तिघांत काका उत्तराच्या सगळ्यात जवळ आहेत. प्रिंटांचं सोडा, पण त्यांच्या टेबलावर आवक-जावक वही असणार. तिचे रकाने आठवा: क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कुठल्या फाईलला लावला, सही. कागद दारातून आत आला की त्याला एक नंबर आणि एक जागा मिळायची, आणि ती देणारा माणूस ठरलेला असायचा. व्हॉट्सॲप आल्यापासून कागद चारही ऑफिसांत एकदम पोचायला लागला आणि वहीत चढायचा बंद झाला. तुमचं दुखणं इथे आहे. साठवायला जागा कमी पडत नाहीये. चार प्रतींतली खरी कुठली आणि ती खरी म्हणणारा कोण, हे ठरलेलं नाही. साडेचार लाखांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ठरवून येत नाही.

तुमच्यासारख्याच एका पल्पवाल्यांकडे घडलेलं सांगतो. कारखान्यातून पॅकिंग लिस्ट गेली, ९८० कार्टन. संध्याकाळी काही डबे फुगलेले निघाले म्हणून माल कमी केला, दुसरी लिस्ट गेली, ९२० कार्टन. दोन्ही फायलींचं नाव ‘पॅकिंग लिस्ट फायनल’. वाशीच्या माणसाने मोबाईलवर जी आधी डाउनलोड झाली होती ती क्लिअरिंग एजंटला पाठवली. शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद) ९८० वर भरलं गेलं, कंटेनरमध्ये ९२०. पुढे दुरुस्तीचे अर्ज, एजंटची बोलणी आणि हुकलेलं जहाज. त्या दिवशी त्यांच्याकडे जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर असतं तरी फाईल व्हॉट्सॲपवरच गेली असती, कारण ‘एजंटला कागद फक्त अमुक फोल्डरमधून, लिंक म्हणूनच जाईल’ असं कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बोलू. पाच-सात माणसांचं एकच ऑफिस असतं तर मी तुमच्या मॅनेजरच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि विषय संपला असता. उलट परदेशी गिऱ्हाईक कारखान्याचं अन्नसुरक्षेचं ऑडिट करत असेल, तर ‘कंट्रोल्ड कॉपी’ नावाचा प्रकार येतो: स्वच्छतेच्या कार्यपद्धतीची आवृत्ती किती, मंजूर कोणी केली, जुनी प्रत भिंतीवरून काढली का. तेवढ्या कामाला मंजुरीची साखळी असलेलं सॉफ्टवेअर खरंच उपयोगी पडतं. पण असे कागद किती असतात? तुमच्या कारखान्यात शे-दीडशे. त्यांच्यासाठी खरेदीच्या हजारो पावत्यांसकट अख्खी कंपनी त्या साखळीत अडकवायची गरज नाही. व्हेंडरला सगळ्यात आधी विचारा की फक्त कारखान्याच्या क्वालिटी विभागापुरतं, पाच-सहा लॉगिनचं किती होईल. बहुतेक वेळा तिथेच कोटेशन निम्म्याच्या खाली येतं.

दुसरं, फाईल कोणाच्या नावावर आहे. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे डिस्पॅचचा सगळा हिशेब एका मुलाच्या खासगी जीमेलमधल्या ड्राइव्हवर होता. मुलगा चांगला, काही लबाडी नाही. तो नोकरी सोडून गेला, नंबर बदलला, पासवर्ड विसरला आणि ओटीपी जुन्या नंबरवर जायला लागला. तीन वर्षांच्या शीट्स बाकीच्यांना दिसत होत्या, पण मालक कोण तर ज्याला स्वतःलाच आत शिरता येत नाही तो. म्हणून गूगल घेतलंत तर कंपनीच्या डोमेनवरचं वर्कस्पेस घ्या आणि कागद ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये ठेवा, कुणाच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये नाही. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाईलची मालकी कंपनीकडे असते, माणूस गेला तरी फाईल जागेवर राहते. मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंत तर हाच फरक शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हमध्ये आहे: वनड्राइव्ह माणसाचा, शेअरपॉइंटची साईट ऑफिसची. झोहो वर्कड्राइव्हमध्ये त्याला ‘टीम फोल्डर’ म्हणतात. स्वस्तातल्या प्लॅनमध्ये ही सोय असेलच असं धरून चालू नका, कोटेशनवर लिहून घ्या.

या तिघांत डावं-उजवं करायला मला फारसा रस नाही. तुमची माणसं दिवसभर एक्सेलमध्ये असतील, मॅक्रो वगैरे असतील, तर मायक्रोसॉफ्ट. मोबाईलवरच सगळं चालत असेल तर गूगल. झोहोचं मेल आणि हिशेब आधीच वापरत असाल तर झोहो. नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा क्लाउड, फुकट आहे आणि मला स्वतःला आवडतं, पण ते चालवायला माणूस लागतो. तो माणूस चार तासांवर राहत असेल तर ते फुकट राहत नाही.

खरा प्रश्न आपल्या पट्ट्यात वेगळाच आहे. पुण्या-मुंबईचे व्हेंडर डेमो दाखवतात तो शंभर एमबीपीएसच्या लाइनवर. तुमच्या कुडाळच्या कारखान्यात दुपारी तीन वाजता अपलोड किती मिळतो, ते मोजलंय का? डाउनलोड नव्हे, अपलोड. समजा १० एमबीपीएस मिळाला. म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी, तासाला साधारण साडेचार जीबी. रत्नागिरीच्या सर्व्हरवर २०० जीबी असेल तर तो वर चढवायला लाइन एकदाही न तुटता दोन दिवस-रात्र लागतील. लाइन न तुटता! हायवेच्या कामात जेसीबीने केबल तोडली की आमच्याकडे अख्खी बाजारपेठ हॉटस्पॉटवर येते.

यावर तीन गोष्टी मी सगळ्यांकडे करून घेतो. पहिली, दोन वेगळ्या जातीची कनेक्शनं: एक फायबर, एक सिमकार्डचा राउटर, आणि सिम त्याच कंपनीचं नको. दुसरी अगदी साधी आहे, पण दहातल्या सात ठिकाणी मला ती चुकलेली सापडते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असतो, पंखा असतो, देवाचा दिवासुद्धा असतो, पण भिंतीवरचा फायबरचा डबा आणि राउटर साध्या प्लगवर. लाईट गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. तिसरी, स्कॅनिंगची सेटिंग्ज. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन आणि ३०० डीपीआय ग्रे स्कॅन यांत मूळ डेटाचा फरक बारापट असतो, कारण ठिपके चौपट आणि रंगांचे थर तिप्पट. काटा पावतीला रंग कशाला हवा? स्कॅनरवर ३०० ग्रे लावून ठेवा आणि बटण कुणाला बदलू देऊ नका.

एवढं करूनही कुडाळची लाइन कच्चीच राहिली तर तिथे एक छोटा नास बॉक्स ठेवा, म्हणजे दोन-चार डिस्कांचा नेटवर्कवरचा साठा. स्कॅन आधी त्यावर पडतील आणि रात्री क्लाउडवर जातील. मात्र एक नियम दगडावरची रेघ समजा: ज्या फायलीत दोन ऑफिसं लिहितात ती नासवर ठेवायची नाही. देवगडची लॉटशीट घ्या. सकाळी देवगडने पेट्या भरल्या, दुपारी वाशीने दर भरला, मध्ये नेट गेलं आणि दोघांनी आपापल्या मशीनवर सेव्ह केलं. संध्याकाळी एकाच शीटच्या दोन प्रती तयार, आणि कुठली खरी ते कुणाला माहीत नाही. अशी शीट ब्राउझरमध्येच उघडायची. नेट नसेल तर कागदावर लिहून ठेवा, मग भरा. कागदावर लिहिण्यात कमीपणा नाही.

टॅलीचा चालू डेटा फोल्डर मात्र यांतल्या कुठल्याही सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली लिहीत असताना सिंकवाला मध्येच फाईल धरतो आणि डेटा खराब होतो. टॅलीचा बॅकअप घ्या आणि तो बॅकअप वर चढवा.

बॅकअपवरून आठवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर तळमजल्यावर होता. २००५ च्या पुराची खूण त्यांनी भिंतीवर जपून ठेवली होती आणि सर्व्हर मुद्दाम त्या खुणेच्या वर, लाकडी फळीवर ठेवला होता. पाणी खुणेच्या वर गेलं. बॅकअपची डिस्क होती, रोज रात्री बॅकअप होतही होता, पण डिस्क त्याच फळीच्या खालच्या खणात. मी चौथ्या दिवशी गेलो तेव्हा खण उघडेना, आत गाळ बसला होता. त्यांचे जुने हिशेब पुढे सीएच्या मेलमधून आणि गिऱ्हाइकांकडून झेरॉक्स मागून जुळवले. तेव्हापासून मी मालकाला बॅकअप आहे का असं विचारत नाही. बॅकअप कुठल्या गावात आहे, असं विचारतो.

क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, असंही नाही. सिंक म्हणजे आरसा: इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस. मार्चमध्ये चुकून उडालेला फोल्डर सप्टेंबरच्या ऑडिटला लक्षात आला तर दोन्हीकडे उशीर झालेला असतो. म्हणून क्लाउडची एक वेगळी प्रत रत्नागिरीच्या नासवर उतरवत जा. ती फक्त वाचता यावी, आणि तिचा पासवर्ड रोजच्या वापरातल्या कुणाकडे नसावा.

कायद्याचं थोडक्यात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि ती इलेक्ट्रॉनिक असतील तर २०२२ च्या दुरुस्तीपासून रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर हवा. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. व्हेंडरला सर्व्हर कुठल्या देशात आहे ते लेखी विचारा, बाकी तुमच्या सीएंना विचारा. आणि जमिनीचे, भाडेकराराचे, बँकेचे मूळ कागद स्कॅन झाले म्हणून रद्दीत घालू नका. एवढ्यावर काका खूष होतील.

आता शोधण्याकडे येऊ. सॉफ्टवेअरवाला हे सगळ्यात झटपट दाखवून मोकळा होतो, आणि मराठी ऑफिसात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. डेमोमध्ये तो ‘इनव्हॉइस’ टाईप करतो आणि पटकन फाईल येते. तुमची दहा वर्षांपूर्वीची मराठी पत्रं कशात टाईप केलेली आहेत? जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टात असतील तर कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नाहीतच, फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ‘देवगड’ शोधलंत तर एकही सापडणार नाही. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, बदलून घ्यावी लागतील, निदान महत्त्वाची. युनिकोडमध्येही गंमत आहे: ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाईप होतो आणि डोळ्यांना सारखाच दिसतो. एका कीबोर्डवर टाईप केलेला कऱ्हाडचा व्यापारी दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडेलच याची खात्री नाही. छापील मराठीचं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं कॉम्प्युटरने वाचणं) आता बरं होतं, पण हाताने लिहिलेल्या काटा पावतीवर त्याचा भरवसा धरू नका. म्हणून पुन्हा वही! स्कॅन करताना नंबर, तारीख, पार्टी आणि प्रकार हे चार रकाने माणसाने भरायचे. कागदाच्या आतलं शोधता आलं नाही तरी हे चार सापडले की काम होतं.

फाईलची नावं तारखेपासून सुरू करा, वर्ष आधी: २०२५-०४-१८, मग ठिकाण, प्रकार, नंबर. म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत लिहा, नाहीतर मराठी आकड्यांची रांग वेगळी लागते आणि इंग्रजी आकड्यांची वेगळी. तुमच्या इनव्हॉइसच्या नंबरात तिरकी रेघ आहे का? विंडोज फाईलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. मग रत्नागिरीचा क्लार्क तिच्या जागी आडवी रेघ टाकतो, वाशीचा अंडरस्कोर, कुडाळची बाई जागा सोडते, आणि एकच इनव्हॉइस तीन नावांनी फिरतं. जीएसटीच्या नियमात इनव्हॉइस नंबर सोळा अक्षरांपर्यंत असतो आणि त्यात आडवी रेघही चालते. येत्या १ एप्रिलला नवी मालिका सुरू कराल ती आडव्या रेघेची करा.

मराठीत लांब नावांचे फोल्डरात फोल्डर करू नका. विंडोजमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा आडवी येते, आणि मोजताना काना-मात्रा-वेलांट्याही मोजल्या जातात. ‘प्रक्रिया’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर नऊ मोजतो. फोल्डर तीन पातळ्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

साडेचार लाखांच्या कोटेशनवर अजून एक. व्हेंडरला विचारा, सोडून जायचं झालं तर काय हातात देणार? मी एकदा अशा सिस्टिममधून कागद बाहेर काढलेत. फायली मिळाल्या, पण सगळ्यांची नावं नुसते आकडे. कुठला आकडा म्हणजे कुठला कागद ते वेगळ्या डेटाबेसमध्ये, आणि त्या डेटाबेसचं लायसन संपलेलं. करार करण्याआधी शंभर कागद घालून बघा आणि ते फोल्डर, नावं आणि रकान्यांच्या एक्सेल यादीसकट परत काढून द्यायला सांगा. ‘नंतर करू’ म्हणाला तर चहा पाजून रवाना करा. आणि किंमत तीन वर्षांची मांडा: दर माणशी दर महिना, गुणिले पस्तीस, गुणिले छत्तीस, अधिक देखभाल. देवगडच्या हंगामी माणसांना वर्षभराचं लॉगिन लागतं का, तेही विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. पस्तीस जणांसाठी एकच क्लाउड, मालकी कंपनीची. परवानग्या माणसाला न देता गटाला: खरेदी, कारखाना, निर्यात, हिशेब. माणूस बदलला की गटातून नाव काढायचं, बस. रत्नागिरीत बॅकअपचा नास, तोही पहिल्या मजल्यावर. क्वालिटीपुरतं मंजुरीचं सॉफ्टवेअर, तेही ऑडिटवाला मागत असेल तरच. आणि प्रत्येक ऑफिसात एक माणूस, ज्याच्याशिवाय कागद ‘आला’ असं धरायचं नाही. रत्नागिरीत तो माणूस काकाच असू देत. त्यांची वही एक शीट करून त्यांच्यासमोर ठेवा, रकाने तेच, फक्त शेवटी लिंकचा एक वाढवा. मी दोन ठिकाणी हे करून बघितलंय, सगळ्यात कडक नोंदी ज्येष्ठांच्याच असतात.

विकत घेण्याआधीची चाचणी डेमोच्या खोलीत करू नका. खरे तीस कागद चढवा. मग ज्याने ते चढवले नाहीत अशा माणसाला, सगळ्यात कच्च्या नेटच्या ऑफिसात बसवून, त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर म्हणा, अमुक लॉटचा लॅब रिपोर्ट काढ. दोन मिनिटांत निघाला तर पुढे जा. नाही निघाला तर आधी नावं आणि रकाने बघा, सॉफ्टवेअर बदलायची घाई नको.

आणि हे सगळं एप्रिल-मे मध्ये सुरू करू नका. काजू आणि आंबा अंगावर असताना नवीन लॉगिन कुणी शिकत नाही. जून पल्पच्या शेवटच्या धावपळीत जातो. जुलैत नावं ठरवा, फक्त चालू वर्षाचे कागद चढवा, जुनं मागाहून. गणपतीच्या आत चालू झालं पाहिजे, कारण त्या आठवड्यात ‘फाईल कुठेय ते मला माहितीये’ म्हणणारे सगळे गावाला गेलेले असतात आणि वाशीत जहाज मात्र थांबत नाही. तेव्हा किती फोन येतात ते मोजा.

सध्या मला दोनच आकडे कळवा: कुडाळचा दुपारी तीनचा अपलोड, लागोपाठ तीन दिवसांचा, आणि रत्नागिरीच्या सर्व्हरवर एकूण किती जीबी आहे ते. त्यावरून कुडाळला नास लागेल की सिमचा राउटर पुरेल ते सांगतो.